भूत घालवावे की सोडवावे?

मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष लागला की दत्तभक्तांच्या घरोघरी श्रीगुरुचरित्राच्या पारायणाची सिद्धता सुरू होते. चौरंगावर पोथी येते, समई तेवू लागते, घरातील कर्ता पुरुष अथवा गृहिणी सात दिवसांचे नियम अंगीकारते आणि पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, त्या सप्ताहाची सांगता होते. बहुतेक घरांच्या प्रथेनुसार तिसऱ्या दिवशी तेविसावा अध्याय वाचला जातो. एरवी पोथीपासून दूर पळणारी मुलेही त्या दिवशी हळूच जवळ सरकून बसतात, असा माझा पुष्कळ घरांतील अनुभव आहे. कारण उघड आहे. त्या अध्यायात एक ओसाड घर आहे, घराशेजारी एक जुनाट अश्वत्थ आहे आणि त्या अश्वत्थावर एक ब्रह्मराक्षस राहतो!

आपल्या वऱ्हाडातील कारंजा येथे जन्मलेले, पुढे संन्यास घेऊन नृसिंहसरस्वती झालेले श्रीगुरू औदुंबर व नरसोबाची वाडी येथील वास्तव्यानंतर भीमा-अमरजा संगमावर आले. वांझ म्हशीने दूध दिल्याची वार्ता बाविसाव्या अध्यायात आहे. ती ऐकून गाणगापूरचा अधिपती त्यांना पालखीत बसवून, वाद्ये वाजवीत, मोठ्या समारंभाने गावात घेऊन गेला. मार्गावर ते घर होते. ब्रह्मराक्षसाच्या धाकाने त्या बाजूस कोणी फिरकत नसे. पालखी तेथे आली आणि सारा गाव ज्याला भीत होता तो स्वतःच झाडावरून उतरून श्रीगुरूंच्या चरणांवर पडला. श्रीगुरूंनी त्याच्या मस्तकी हात ठेवला, संगमावर स्नान करण्यास सांगितले आणि तो मुक्त झाला. पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आम्ही याच ठिकाणी राहू, असे श्रीगुरू म्हणाले. ज्या घरात दिवसाढवळ्या जाण्याची कोणाची छाती होत नव्हती, तेथेच मठ उभा राहिला.

आम्ही कीर्तनकार मंडळी या प्रसंगात थोडा मीठमसाला घालतो, हे कबूल करावयास हवे. ब्रह्मराक्षसाचे दात, त्याची आरोळी, पालखीच्या भोयांची उडालेली गाळण, हे सर्व श्रोत्यांना आवडते. परंतु पोथी शांतपणे उघडून पाहावी. तेथे वेताची छडी नाही, मिरचीची धुरी नाही, उतारा नाही, दक्षिणेची मागणी नाही. मस्तकी ठेवलेला हात आहे आणि स्नानाची आज्ञा आहे. घरही पाडले नाही, जाळले नाही. त्यात दिवा लावला.

'भूत' हा शब्दच पाहा. संस्कृतात 'भू' धातूचे ते भूतकाळवाचक रूप. अर्थ एवढाच की, जे होऊन गेले ते. 'प्रेत' म्हणजे प्र अधिक इत, पुढे गेलेला. ज्याने पुढे जावयाचे तो वाटेत अडकला की, आपण त्याला भितो. आपल्या मराठीतील भुतांची नावे याच दृष्टीने पाहावीत. मुंज झाली पण लग्न होण्यापूर्वी गेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती आलवंतीण. धनात जीव गुंतला अथवा मागे क्रियाकर्म करणारे कोणी उरले नाही, तो समंध. प्रत्येकाचे काही ना काही अपुरे राहिले आहे. ब्रह्मराक्षसाविषयी मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात सांगितले आहे की, पतितांची संगत, परस्त्रीचा अभिलाष आणि ब्राह्मणाच्या धनाचा अपहार यांनी ही योनी प्राप्त होते. म्हणजे हा बहुधा शिकलेला मनुष्य! आम्हा पोथी सांगणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

याच गुरुचरित्राच्या विसाव्या अध्यायात शिरोळच्या एका ब्राह्मण स्त्रीची कथा आहे. तिची मुले जगत नसत. एका जाणत्याने कारण सांगितले ते असे की, पूर्वजन्मी तिने शौनक गोत्राच्या एका ब्राह्मणाचे शंभर द्रव्य घेतले, तो मागून मागून थकला तरी परत दिले नाही आणि अखेर त्याने प्राण दिला. तोच पिशाच होऊन तिची मुले नेत आहे. उपाय काय सांगितला? त्या ब्राह्मणाचे राहिलेले और्ध्वदेहिक करावे, त्याच्या गोत्राच्या ब्राह्मणाला द्रव्य द्यावे आणि औदुंबराची सेवा करावी. स्वप्नात ते पिशाच तिला मारावयास धावले, तेव्हा श्रीगुरू मध्ये पडले. त्यांनी पिशाचाला हाकलले नाही, त्याच्याशी बोलणी केली. हिच्याकडून यथाशक्ती जे होईल ते घे आणि गती मिळव, अशी तडजोड घडवून आणली. भुताची बाजूही ऐकून घेणारा असा न्याय अन्यत्र क्वचितच आढळेल.

हे सर्व आज विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन आहे. आमचे उमरखेड विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेवर आहे. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा लागतो, आणि या दोन्ही तीरांवर भुताचा एक विशेष प्रकार पिढ्यान्‌पिढ्या बोलला जात आला आहे, तो म्हणजे भानामती. भानामती दिसत नाही. ती खोड्या काढते. दिवेलागणीला पत्र्यावर दगड पडतात. दांडीवरचे लुगडे आपोआप पेटते. पिठात राख निघते, वाढलेल्या ताटात घाण पडते, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. काही ठिकाणी बाया कुत्र्यासारख्या भुंकू लागतात. आरंभी लोक हसतात. मग झोप उडते, मग मुलामुलींची लग्ने मोडतात, आणि शेवटी कोणी बाहेरचा जाणता येऊन घरातल्याच एखाद्या दुबळ्या माणसाकडे, बहुधा सुनेकडे किंवा विधवेकडे, बोट दाखवितो. खरा अनर्थ तेथून सुरू होतो.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशी अनेक प्रकरणे प्रत्यक्ष जाऊन पाहिली. त्यामागे माणसाचाच हात असतो, आणि पुष्कळदा तो घरातल्याच, मनातून कोंडमारा झालेल्या माणसाचा असतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. देवाविषयी त्यांचे व माझे जमणारे नाही. परंतु या एका बाबतीत त्यांनी जे पाहिले ते आमच्या पोथीला फारसे सोडून नाही, असे मला नम्रपणे वाटते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात नरबळी, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला दोराने अथवा साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राण बुडविलेले पाणी पाजणे, हा सर्व आता गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. या कायद्याने आमचे धर्माचरण बुडणार, अशी ओरड तेव्हा झाली होती. मी तो कायदा मिळवून वाचला. त्यात हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन, वारी, प्रदक्षिणा यांना स्पष्ट शब्दांत वगळले आहे. मग ओरड कशासाठी होती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आणि हे काही नवे ज्ञान आहे, असेही नाही. भूतविद्या हे आपल्या आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग. तरीही चरकाचार्य निदानस्थानात उन्मादाचा विचार करताना निक्षून सांगतात की, जो मनुष्य स्वतःच्या कर्माने स्वतः क्लेश पावलेला नाही, त्याला देव, गंधर्व, पिशाच, राक्षस यांपैकी कोणीही क्लेश देत नाही. म्हणून विवेकी माणसाने त्यांना दोष देऊ नये. ज्याने भूतविद्येला शास्त्रात स्थान दिले, त्याच परंपरेने तिच्या दारावर हा पहारा बसविला आहे. घरात कोणाचे चित्त बिघडले तर देवदर्शनाला अवश्य न्यावे, पण वैद्याकडेही न्यावे. १४४१६ या क्रमांकावर सरकारची 'टेलि-मानस' सेवा आहे, तेथे दूरध्वनी केल्याने कोणाचा धर्म बुडत नाही.

१९८७ सालच्या मार्गशीर्षात, म्हणजे असा कोणताही कायदा नव्हता तेव्हा, आमचे गुरुजी या तालुक्यातील एका खेड्यात भागवत सप्ताहासाठी गेले होते. मी त्या वेळी त्यांच्या मागे झांज धरून उभा राहत असे. घर मोठे, तीन भावांचे. ओसरीलगतच्या खोलीत नुकताच वेचलेला कापूस छताला टेकला होता, आणि त्याच घरात महिनाभर दांडीवरचे कपडे पेटत होते! एक ठिणगी आत गेली असती तर वर्षाचे पीक आणि घर दोन्ही गेले असते. पत्र्यावर दगड, पिठात राख, हेही चालूच होते. घरच्यांची खात्री होती की, हा त्यांचा चुलता. बारा वर्षांपूर्वी तो निपुत्रिक वारला होता. त्याची बायको मागे गोठ्याजवळच्या खोलीत राहत असे. चार माणसांत ती कधी दिसत नसे. दूरवरून आणलेल्या एका मांत्रिकाने बोकड आणि पैसे तर मागितलेच होते, शिवाय धाकट्या सुनेला अमावास्येला धुरी द्यावी असे सांगितले होते. ती पोर पाच महिन्यांची गरोदर होती आणि तिला अधूनमधून घेरी येत असे. तिचाच भाऊ धावत उमरखेडला गुरुजींकडे आला होता.

थोरला भाऊ हात जोडून म्हणाला, "महाराज, काकाजी घर सोडत नाहीत. काहीतरी मंत्र म्हणा आणि त्यांना घालवा."

गुरुजी म्हणाले, "म्हणतो की. पण सात दिवस या घरातले प्रत्येक माणूस कथेला बसले पाहिजे. मागच्या खोलीतल्या काकूसुद्धा. आणि सूनबाईंना कोणी बोट लावायचे नाही. हे मान्य नसेल तर पोथी बांधतो, संध्याकाळची एस.टी. अजून गेलेली नाही."

सप्ताह बसला. सकाळी संहितेचे वाचन, रात्री कीर्तन. पद्मपुराणांतर्गत भागवतमाहात्म्यातील धुंधुकारीची कथा एरवी पहिल्याच दिवशी आटोपतात. गुरुजींनी ती रात्रीच्या उत्तररंगासाठी राखून ठेवली आणि रोज थोडी थोडी सांगितली.

तुंगभद्रेच्या तीरी आत्मदेव नावाचा ब्राह्मण. मूल नाही म्हणून प्राण द्यावयास निघालेल्या त्याला एका संन्याशाने फळ दिले. बायको धुंधुली; तिने बाळंतपणाच्या भीतीने ते फळ गाईला घातले आणि बहिणीचे मूल पैसे देऊन आपले म्हणून घेतले. तो धुंधुकारी. गाईला झाला तो गोकर्ण, मनुष्यदेही पण गाईच्या कानांचा. गोकर्ण ज्ञानी निघाला. धुंधुकारीने चोऱ्या केल्या, लोकांच्या घरांना आगी लावल्या, बापाला बडविले. बाप वनात गेला, आईने विहीर जवळ केली. घरात पाच वेश्या आणून तो राहू लागला आणि एके रात्री त्यांनीच त्याला दोरांनी बांधले, गळफास घातला, तरी मरेना म्हणून तोंडात जळते निखारे कोंबले आणि घरातच पुरून टाकला. तो प्रेत झाला. वावटळीचे रूप घेऊन दाही दिशा धावणारे, भुकेले, तहानलेले प्रेत.

गोकर्ण तीर्थयात्रेत होता. भावाचा मृत्यू कानी आला तेव्हा त्याने गयेला श्राद्ध केले आणि घरी परतून रात्री अंगणात निजला. मध्यरात्री भुताच्या लीला सुरू झाल्या. कधी मेंढा, कधी हत्ती, कधी रेडा, क्षणात इंद्र, क्षणात अग्नी, शेवटी मनुष्य. गोकर्ण अंथरुणातून पळाला नाही. हा कोणीतरी दुर्गतीला गेलेला जीव आहे, हे ओळखून त्याने विचारले, तू कोण आहेस? तुझी ही दशा कशाने झाली? प्रेताला बोलता येईना. ते नुसतेच रडू लागले, हातांनी खुणा करू लागले. तेव्हा गोकर्णाने ओंजळीत पाणी घेऊन मंत्र म्हटला आणि त्याच्यावर शिंपडले. मग वाचा फुटली. मी तुझा भाऊ धुंधुकारी, असे ते म्हणाले.

हा प्रसंग तिसऱ्या रात्री आला. गुरुजींनी चिपळ्या खाली ठेवल्या. एरवी ते कथेच्या मध्ये श्रोत्यांशी बोलत नसत. त्या रात्री म्हणाले, "तुमच्याकडे महिनाभर दगड पडताहेत. मांत्रिक आणलात, बोकड ठरवलेत. पण तू कोण आहेस, तुला काय हवे आहे, असे या घरात कोणी विचारले का?"

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग स्त्रियांच्या मागच्या रांगेतून आवाज आला. काकू होत्या. "बारा वर्षं झाली महाराज. सर्वपित्रीला या घरात साऱ्यांची पानं पडतात. त्यांच्या नावाचं पान नाही. त्यांच्या हिश्शाचं वावर नाही. मी आहे, तर मी गोठ्यात."

थोरल्याने मान खाली घातली. वडिलांच्या मागे जमिनीवर तिघा भावांचीच नावे लागली होती, चुलत्याचा हिस्सा त्यातच मुरला होता, ही गोष्ट गावाला ठाऊक होती आणि घराने विसरल्यासारखी केली होती. सहाव्या दिवशी देवघरासमोर उभे राहून त्याने काकूंचा हिस्सा त्यांच्या नावे करून देण्याचे कबूल केले. पुढच्या उन्हाळ्यात सातबाऱ्यावर तसे नाव चढले, हे मी स्वतः पाहिले आहे. काकूंची खोली त्याच आठवड्यात माजघरालगत आली. सूनबाईंना उमरखेडला दवाखान्यात दाखविले. अंगात रक्त कमी होते, एवढेच. दगड पडले ते दुसऱ्या रात्री शेवटचे.

परत येताना एस.टी.त मी गुरुजींना विचारले, दगड मारीत होते तरी कोण? ते हसून म्हणाले, "धुंधुकारी बोलू लागल्यावर गोकर्णाने त्याच्यावर फिर्याद केली, असे तुझ्या पोथीत आहे काय?" पुन्हा मी तो विषय काढला नाही.

धुंधुकारीची कथा मात्र तेथे संपत नाही. शंभर गयाश्राद्धांनीही माझी सुटका होणार नाही, असे त्याने सांगितले, तेव्हा गोकर्णाने पंडितांना विचारले. कोणाला उपाय सुचेना. अखेर त्याने तपोबलाने सूर्याला थांबवून विचारले, आणि सूर्याने भागवताचा सप्ताह सांगितला. गावोगावची माणसे श्रवणाला लोटली. प्रेतही आले, पण वाऱ्याचे शरीर, एका जागी बसणार कसे? तेथे सात पेरांचा एक वेळू होता, त्याच्या बुडाशी असलेल्या छिद्रातून ते आत शिरले आणि तेथून ऐकू लागले. रोज सायंकाळी वेळूचे एक पेर तडकन फुटे. सातव्या दिवशी सातवे फुटले आणि धुंधुकारी पीतांबर नेसून, तुळशीची माळ घालून, श्यामवर्ण दिव्य रूपाने बाहेर आला. त्याच्यासाठी विमान उतरले.

गोकर्णाने हरीच्या सेवकांना एक रोकडा प्रश्न केला. एवढी मंडळी सात दिवस येथे बसली आहेत; कथा सर्वांनी सारखीच ऐकली. मग विमान एकट्यासाठीच कसे? त्यांनी उत्तर दिले की, ऐकण्या-ऐकण्यात भेद आहे. या प्रेताने सात दिवस उपवास करून ऐकले आणि ऐकलेल्याचे मनन केले. तसे बाकीच्यांनी केले नाही.

चाळीस वर्षे व्यासपीठावर उभा राहिल्यावर मला हे उत्तर पूर्णपणे पटते. कोणी भिंतीला टेकून डुलक्या घेत असतो, कोणी प्रसादाचा अंदाज घेत असतो, हल्ली पुष्कळांच्या मांडीवर मोबाईलचा उजेड असतो. वेळूत बसलेला एखादा दिसत नाही, पण असतो.

मग गोकर्णाने त्या सर्व मंडळींना परत पाठविले नाही. श्रावण महिन्यात त्याने दुसरा सप्ताह मांडला, पहिल्या वेळचेच श्रोते पुन्हा बोलाविले आणि पहिल्या श्लोकापासून पुन्हा आरंभ केला. या खेपेला विमाने पुष्कळ आली.